भुरीची चटक

मुलांनो, समजा तुम्ही प्राणिसंग्रहालयाच्या रांगेत उभे आहात आणि पुढे एक मुलगी तिथेच काम करणाऱ्या मामाशी हुज्जत घालते आहे.

“लोक आत फिरतात त्या कुंपणात भुरीला का नाही घेतलं? तीच तर सगळ्यांत माणसाळलेली हरिणी!”

“म्हणूनच नाही घेतलं. माणूस दिसला की शांतपणे बाजूला होणारी हरणंच तिथे चालतात. ही खिसे हुंगते. कुणी प्लास्टिक चारलं तर?”

“मग एकटीच राहणार ती?”

“बिस्किटांची चटक कुणी लावली, बाईसाहेब?”

“मीच लावली, आता मीच मोडते.”

“तू? तिने नुसतं बघितलं की विरघळतेस!”

“बघच तू, मामा.”

आत गेल्यावर भुरी जाळीपाशी धावत आली. मुलीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि भुरी कंटाळून वळेपर्यंत ती आभाळाकडे बघत उभी राहिली.