त्रिकोणाची खूण

नाही, तुम्ही कितीही वेळा विचारलंत तरी उत्तर तेच राहणार — त्रिकोण माझा आहे. पट्टीच्या कडेला, पहिल्या खुंटीपाशी, नखाएवढा त्रिकोण, एक कोपरा किंचित बोथट — तो माझा. आणि आवाज चढवू नका, मला ऐकू येतं. सगळं आयुष्य हातोडीच्या शेजारी गेलं तरी येतं. चढवायचाच असेल तर मीही चढवीन, मग पलीकडे शेडमध्ये माझ्या सुनेला ऐकू जाईल, ती हात पुसत इथे येईल आणि तुमची पंचाईत होईल — कारण तिच्यासमोर मी तिच्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. पाठीमागे बोलते. तुम्ही भाग्यवान, ती पाठ करून काम करतेय तेव्हा आलात. बसा. चहा घ्या, आताच ठेवून गेली. बघा, तुम्हाला काठोकाठ भरून आणि मला अर्धा कप. घरच्या माणसाला अर्धा! विचारलं तर म्हणते, अहो आई, संपला की पुन्हा देते. अशी आहे माझी सून. घ्या तुम्ही, माझा निवू दे, मी नंतर घेते.

हं. तर तुमचं म्हणणं काय, मी पुन्हा सांगते, म्हणजे मला समजलं नाही असं तुम्हाला वाटायला नको. कागदाच्या गिरणीच्या टर्बाइनचं चाक तोल बघायला तुमच्या नव्या कारखान्यात आलं. तुमच्या साहेबांनी त्याची पट्टी बघितली आणि चाकाभोवती फिरत राहिले. फिरणारच. त्यानंतर माझी सून तुमच्याकडे नोकरी मागायला आली — मला न सांगता. मला सांगितलं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते — आणि साहेबांनी विचारलं, बाई, तुम्हाला येतं काय, तर म्हणाली, ते कोपऱ्यातलं चाक, त्याची पट्टी मी बसवली. साहेब म्हणाले, तिच्यावर तर त्रिकोण आहे, आणि त्रिकोण म्हणजे ती म्हातारी, हे या धंद्यात पोरांनाही ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला धाडलं, जा, म्हातारीला विचारून या. तर विचारलंत. म्हातारीने सांगितलं. आता आणखी काय खोदताय?

हातोडी कुणी चालवली? — बघू, तुमचा अंगठा दाखवा. चेचलेला आहे. म्हणजे तुम्हीही हे काम केलंय, नुसते निरोप्या नाही. मग तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, तरी सांगते, या खोलीत आलेल्या प्रत्येकाला मी सांगते, गॅसवाल्यालाही सांगितलंय. चाकाच्या कडेला पाती उभी असतात — बुडाशी घट्ट रुतलेली, टोकाशी मोकळी. मोकळं टोक म्हणजे थरथर. वाफ अंगावर आली की प्रत्येक पातं आपलं आपलं थरथरणार, आणि थरथरून थरथरून एक दिवस बुडातून मोडणार, आणि मोडताना शेजारच्यांना घेऊन जाणार. म्हणून टोकांवरून पट्टी. प्रत्येक पात्याच्या डोक्यावर एक बारकी खुंटी, पट्टीला तितकी भोकं, खुंट्या भोकांतून वर काढायच्या आणि हातोडीने त्यांची डोकी पसरवायची, की पट्टी पुन्हा निघायला नको. वाफही टोकावरून निसटत नाही, थरथरही गप्प. झालं! सांगायला एक श्वास पुरतो. आता करायला घ्या. हात कमी पडला तर पट्टी सैल, जास्त पडला तर खुंटीला आतून चीर — आणि ती चीर वरून दिसत नाही, मशीन पूर्ण वेगात आली की दिसते, आणि त्या वेळी बघायला जवळ कुणी नसलेलं बरं.

म्हणून तर खूण. पट्टी बसवून झाली की बसवणाऱ्याने आपली खूण ठोकायची, ही आमच्यातली जुनी रीत. लोकांना वाटतं मिरवायला ठोकतात. मिरवायला नाही हो, मान पुढे करायला! चाक मोडून परत आलं तर कुणाला विचारायचं ते कळावं, म्हणून. ह्यांची खूण दोन ठिपके होती. शेड ह्यांचीच. मला शिकवलं म्हणाल तर नाही शिकवलं, बाईच्या मनगटाचं काम नाही म्हणायचे, आणि म्हणताना जेवायला मी वाढलेलंच असायचं. मी दारात उभी राहून बघायची आणि घरी येऊन खलबत्त्यात शिशाच्या कांड्या उभ्या करून ठोकायची. शेजारीण विचारायची, रोज एवढं काय कुटता हो? मग एकदा ह्यांचा हात भाजला, गिरणीचा माणूस दारात ठाण मांडून बसलेला, आणि मी ह्यांच्या देखत पट्टी बसवली. आणि खूण? खुणेसाठी परवानगी मागत बसले नाही. खूण ठोकायचा एक जुना पोलादी पंच घेतला, त्याचं टोक कानशीने घासून त्रिकोण केला, एक कोपरा बोथट राहिला, तसाच ठोकला. हे बरेच दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मग एकदा जेवता जेवता म्हणाले, कोपरा बोथट राहिलाय. आमच्या घरात शाबासकी इतकीच मिळते, आणि ती पुरते.

आणि हिने काय करावं? हिने मागितली! स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी, हातात नवा कोरा पंच, आणि म्हणते, अहो आई, मला माझी खूण ठोकू द्याल का? — अहो, खूण काय मागून घेतात? ती काय वाटीभर साखर आहे? मी म्हटलं, नाही. आता एखादी म्हणाली असती, का नाही? भांडली असती, भांडी आपटली असती, मी खूश झाले असते. एखादीने न विचारता ठोकली असती, मी बघून न बघितल्यासारखं केलं असतं आणि महिन्याभराने काहीतरी खोड काढली असती, कोपऱ्याची म्हणा, कशाची म्हणा. पण बाईसाहेब पडल्या सरळ. नाही म्हटलं तर पंच परत पेटीत ठेवला. मला रात्री — जाऊ दे, रात्रीचं कशाला, दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या आत मी शेडमध्ये गेले आणि पेटीत त्या पंचाशेजारी कानस ठेवून आले. मुद्दाम, दिसेल अशी. याहून स्पष्ट काय बोलायचं माणसाने? तर तिने काय केलं माहितीये? कानस पुसली, तेलाचा हात दिला आणि भिंतीवर तिच्या जागेवर टांगली! आणि मग निघाला तो डोळ्यांचा डॉक्टर.

हसू नका. तुमच्याकडे घ्यायच्या आधी तिचे गुण तरी ऐकून घ्या. एक तर संथ. प्रत्येक खुंटी झाली की तिच्याभोवती अंगठ्याचं नख फिरवते, मग एक पातळ पोलादी पत्ती घेऊन पट्टीखाली सरकते का बघते, सरकली तर केलेलं सगळं काढून नव्याने करते — कुणी बघत नसताना! कुणी बघत असताना करावं, निदान वाहवा तरी होते. वर उद्धट. परवा कापडगिरणीचा मॅनेजर आला, बरोबर नवी पट्टी घेऊन, सबंध कडं, एकही तुकडा नाही, दिसायला बांगडीसारखं सुंदर, म्हणे हेच बसवा, तुमचे तुकडे तुकडे नकोत. ही म्हणाली, बसवणार नाही. तो म्हणाला, पण मी सांगतोय ना. ही म्हणाली, तुकड्यांच्या मध्ये फट लागते, वाफेने पट्टी वाढते, तिला वाढायला जागा नसेल तर ती खुंट्या उपटून जागा करील. इतकं ठीक होतं. पुढे म्हणाली, आणि तुमची घाई असेल तर दुसरीकडे न्या. गिऱ्हाइकाला! मी याच खुर्चीत बसून ऐकत होते. मध्ये पडले नाही. का नाही म्हणजे — ती बोलत असताना मी बोलले तर दोन बायका भांडतायत असं दिसलं असतं. तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी चाक घेऊन आला. तेच आता चाललंय पलीकडे.

ऐका. जरा कप खाली ठेवा आणि ऐका. टण, टण, टण — अजून पट्टी पात्याला टेकलेली नाही, म्हणून टणकतंय. टण, टण — टक. टेकली. आता थांबेल बघा. थांबली! एक घाव जास्तीचा नाही. मला हे कळायला चार पट्ट्या वाया घालवाव्या लागल्या आणि हिला — हिला मीच शिकवलं ना, शिकवणारी चांगली असली की पटकन येतं. ह्यांचाही हात इतका — जाऊ दे. ह्यांचं नाव मध्ये आणत नाही.

मी? मी देखरेख करते. मी शेवटची पट्टी कधी बसवली ते काय मी डोक्यात घेऊन बसते का? खूण ठोकायला ती पंच माझ्यासमोर आणते, मी बोट लावते, ती ठोकते — म्हणजे आम्ही ठोकतो. शाल का? शाल मी बाराही महिने घेते. उजवं मनगट गार पडतं माझं, त्यात एवढं बघण्यासारखं काही नाही. तुमचा चहा संपला, माझा नाही संपला, त्यातही बघण्यासारखं काही नाही.

मला एक सांगा, तुमच्याकडे आता पात्याला टोपी जन्मतःच असते म्हणे? टोपीसकट एका तुकड्यातून कोरलेलं पातं, शेजाऱ्याच्या टोपीला टोपी भिडवायची, खुंटी नाही, पट्टी नाही, हातोडी नाही. असू दे, चांगलं असेल, मी बघितलं नाही त्याला नावं ठेवत नाही — वाईटच असेल, पण नावं ठेवत नाही. मग हिला नेऊन करणार काय? जुन्या चाकांची दुरुस्ती? म्हणजे जुनी चाकं तुमच्याकडेही येतात आणि हात मात्र आमच्याकडचा हवा. आणि तिथे खूण असते का हो माणसाची? नसते. कारखान्याचा नंबर. बघा म्हणजे! खूण दिली नाही म्हणून रुसून निघाली, आणि चालली कुठे, तर जिथे खूणच नाही तिथे. हे तिला मी सांगितलं असतं, पण त्यासाठी तिने मला विचारायला हवं होतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल मी काय सल्ला देणार?

मुलगा? तो शिंपी आहे. हातोडीच्या आवाजाने त्याचं डोकं उठतं, लहानपणापासून कानात कापूस. तो म्हणतो, आई, शिवणयंत्र कुठेही मांडता येतं. येतं ना. शेड मांडता येत नाही. म्हातारीही मांडता येत नाही. तू पण चल म्हणतो. मी तिथे जाऊन काय करू, तुमच्या टोप्या मोजू? इथे निदान पलीकडून आवाज येतो, त्यावरून कळतं की दिवस चाललाय. उद्या तो बंद झाला की गिरणीवाले दारात येतील आणि मी काय सांगणार, पाणी हवंय का? — आणि ते तरी आणून — असो.

निघालात? बरं, निघा. त्रिकोण माझा हे तुम्हाला कळलं, साहेबांना तसं सांगा. ती इथेच राहते मग, ठीक आहे. काय? — काय म्हणालात? पुन्हा म्हणा. साहेबांना सांगतो की बाई खोटं बोलली? कोण खोटं बोलली?

बसा. मी अजून उठा म्हटलेलं नाही. माझ्या सुनेला संथ म्हणायचं तर मी म्हणीन. उद्धट मी म्हणीन, रुसकी मी म्हणीन, अर्धा कप चहा देणारी मी म्हणीन, तो माझा हक्क आहे, तुमचा नाही. आणि खोटी? जी बाई कुणी बघत नसताना आपलं काम तोडून पुन्हा करते, ती तुमच्या साहेबासमोर दुसऱ्याचं काम आपलं म्हणेल? तिला न विचारता स्वतःची खूण ठोकवली नाही सासूच्या शेडमध्ये, आणि ती परक्याच्या दारात जाऊन — दरवाज्याकडे बघू नका. पलीकडचा आवाज थांबलाय ते मलाही कळलंय, दारात कोण येऊन उभं राहिलंय तेही कळलंय, तुम्ही माझ्याकडे बघा — हा माझा उजवा हात, हा शालीबाहेर काढला, याला भरलेला कप धरवत नाही, आता जा आणि तुमच्या साहेबांना सांगा, खोटं कोण बोलत होतं, सून की सासू.