रस्त्यापलीकडचा कडू घास

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाले बुवा, हात उचला! आख्यानाआधी एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर मनातल्या मनात द्या, मोठ्यानं नको, शेजारच्याला ऐकू जाईल! प्रश्न असा, की शेजारी कोणाला म्हणायचं? भिंतीला भिंत लागून राहतो त्याला? हाकेला ओ देतो त्याला? की ज्याच्या दारात गाडी लावायला जागा मिळते, तेवढ्यालाच?

हसलात! हसा, हसा. पण मी आज हसवायला उभा नाही. मला आज राग आलाय, आणि तो मी घरी ठेवून आलेलो नाही! येताना बघितलं, देवळाच्या पायरीला टेकवून एक पांढरी गाडी उभी आहे. देवाला बाहेर यायचं झालं तर बॉनेटवर पाय देऊन उतरावं लागेल! कोणाची आहे ते विचारत नाही. ज्याची आहे त्याचा चेहरा मला इथून दिसतोय.

तर ऐका! एक शहर होतं. नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. मुंबई-पुण्याएवढं मोठं नाही, खेड्याएवढं लहान नाही. तिथल्या लोकांना आपल्या शहराचा भारी अभिमान! पाहुणा आला की पहिलं वाक्य ठरलेलं — "आमच्याकडे सगळं वीस मिनिटांवर!" खरंय हो! दवाखाना वीस मिनिटं, मॉल वीस मिनिटं, भाजी वीस मिनिटं. पण कशानं? गाडीनं! आणि गाडी नसेल तर? तर बसा घरात, टीव्ही बघा! बस आहे का? आहे म्हणतात. पाहिलीय का कोणी? फुटपाथ आहे का? आहे की! त्याच्यावर विजेची पेटी आहे, रसाचं गुऱ्हाळ आहे, मोडकी स्कूटर आहे. माणसाला तेवढी जागा नाही. कोथिंबिरीच्या जुडीला गाडी, इस्त्रीच्या कपड्यांना गाडी! आणि कहर ऐका. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तर ही माणसं चालायला जातात, ती गाडीनं! बागेपर्यंत गाडी, आत चार फेऱ्या, की परत गाडी! पेटीवाले, तुम्ही का खाली बघताय?

त्या शहरात सुखदा कॉलनी. तिथे दुसऱ्या मजल्यावर राहायच्या यमुनाबाई खटावकर. सत्तरीच्या आसपास वय, नवरा वारलेला, मुलगा हेरंब चांगल्या नोकरीत. कॉलनीच्या फाटकासमोर रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, बैठं कौलारू घर. तिथे शेवंताबाई डोके आणि तिचा नवरा भिवाजी. या दोघी बायका लग्न होऊन आल्या त्या सालापासूनच्या मैत्रिणी. ही तिला 'शेवंते' म्हणायची, ती हिला 'यमे'. यमराजाची बायको वाटते, असं यमुनाबाई म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाव ऐकायला पलीकडे जायच्या! आज हिची वाटी तिकडे, उद्या तिची वाटी इकडे. रस्ता तेव्हा एवढासा होता. एखादा ट्रक आला तर ड्रायव्हर थांबायचा, म्हणायचा, जा मावशी.

मग रस्ता मोठा झाला. इकडून दोन पट्टे, तिकडून दोन पट्टे, मधे डिव्हायडर. तरी कॉलनीच्या फाटकासमोर डिव्हायडरला एक फट ठेवली होती. माणूस जाईल एवढी. त्या फटीतून यमुनाबाई पदर खोचून पलीकडे जायच्या. पण मंडळी, माणसं रस्ता ओलांडतात म्हटल्यावर गाडीला ब्रेक लावावा लागतो ना! आणि ब्रेक लावला की गाडीवाल्याचा जीव जातो! कॉलनीत नागरिक समिती होती. अध्यक्ष कोण? हेरंब खटावकर! समितीनं अर्ज केले, फेऱ्या मारल्या, नगरसेवकाला हार घातला, आणि ती फट बंद करून घेतली. वर लोखंडी जाळी! आता पलीकडे जायचं तर दोन किलोमीटर पुढे जाऊन पुलाखालून वळायचं, आणि दोन किलोमीटर मागे यायचं.

आणि त्या कामाचा नारळ कोणाच्या हातून फोडला, सांगू? यमुनाबाईंच्या! अध्यक्षांच्या मातोश्री! त्यांना कोणी सांगितलंच नाही की नेमकं काय बंद होतंय. त्यांना वाटलं, लेकानं काहीतरी चांगलं काम केलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी वाटी घेऊन खाली उतरल्या, आणि जाळीसमोर उभ्या राहिल्या! आपल्याच हातानं नारळ फोडून आपलाच रस्ता बंद केला. रडू आलं हो त्यांना, पण लेकाला बोलल्या नाहीत. आईचं हे असंच असतं, आणि लेकांना ते बरोबर ठाऊक असतं!

तेव्हापासून दोघी समोरासमोर. ही गॅलरीत, ती ओट्यावर. हात हलवायचा. मधून गाड्या.

एके दिवशी सकाळी यमुनाबाई गॅलरीत आल्या, तर समोरच्या अंगणात माणसं उभी. शववाहिनी आली. भिवाजी गेला! झोपेतच गेला. शेवंताचा मुलगा दूर परमुलखात, तो यायला दुसरा दिवस उजाडणार. भिवाजीच्या चुलतभावांनी नेलं, उरकलं आणि दुपारी परत आले. मग तेही आपापल्या गाड्यांत बसून गेले. ओट्यावर शेवंता एकटी.

आता मंडळी, तुम्हाला सांगायला नको. ज्या घरातून माणूस गेला त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या घरून पिठलं-भात येतो. आणि तो नुसता ठेवून जायचा नसतो! ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, त्याच्याजवळ बसायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि आपल्या हातानं भरवायचा. कडू घास म्हणतात त्याला. कडू पिठलं नसतं हो, दिवस कडू असतो! यमुनाबाईंचे यजमान गेले तेव्हा तो घास कोणी भरवला होता? शेवंतानं! तोंड घट्ट मिटून बसलेल्या यमुनाबाईंना ती म्हणाली होती, "यमे, तू नाही खाल्लंस तर मीही उपाशी." आणि खरंच बसली होती उपाशी.

यमुनाबाईंनी पिठलं टाकलं, भात लावला, डबा भरला. रविवार होता, हेरंब सोफ्यावर आडवा.

"हेरंब, मला शेवंताकडे सोड रे. घास घेऊन जायचाय."

"आई, आत्ता? गाडी काढली तर जागा जाईल! तो बी विंगवाला टपूनच बसलाय."

ऐकलंत? जागा जाईल! माणूस गेला त्याचं काही नाही, जागा जाईल!

"अरे, ती सकाळपासून उपाशी आहे."

"मग त्यात काय! थांब." मोबाइल काढला, बोट फिरवलं. "झालं! ऑर्डर टाकली. अर्ध्या तासात तिच्या दारात गरम जेवण. व्हेज पुलाव, पनीर, सगळं. तुला उन्हात जायला नको."

 हॉटेलातून कडू घास! मंडळी, मला सांगा, उद्या हे खांदेकरीही मागवतील का हो मोबाइलवर? चार माणसं, वीस मिनिटांत, उशीर झाला तर पैसे परत?

थोड्या वेळानं हेरंबला मित्राचा फोन. मित्रानं नवी गाडी घेतली होती, पेढे खायला बोलावलं. आणि हेरंब उठला! शर्ट बदलला, किल्ली घेतली. आणि जागेचं काय? खाली जाऊन त्यानं आपल्या जागेवर दोन कुंड्या ठेवल्या, एक मोडकी खुर्ची ठेवली, आणि गेला! पेढ्यासाठी कुंड्या सापडल्या, घासासाठी नाही सापडल्या! गॅलरीतून यमुनाबाईंनी हे बघितलं, आणि पहिल्यांदा, मंडळी, पहिल्यांदा त्यांना आपल्या लेकाची लाज वाटली.

डबा पदराखाली घेतला आणि त्या उतरल्या. रिक्षावाला म्हणाला, "समोर? समोर जायला पुलाखालून वळून यावं लागतं मावशी, परवडत नाही." मग निघाल्या चालत, पुलाच्या दिशेनं. ऊन रणरणतंय, पायाखाली खडी, कानाशी हॉर्न. आणि गाड्यांत कोण? सगळी ओळखीची माणसं! एकानं काच खाली केली, "काकू, या उन्हात चालताय कशाला? गाडी काढायला सांगायची ना!" आणि काच वर! दुसरी म्हणाली, "चालणं चांगलंच असतं हो या वयात." आणि तीही गेली! सगळ्यांना काळजी! गार हवेत बसून केलेली काळजी! एकानं तरी दार उघडलं का? कसं उघडणार, त्यांना सरळ जायचं होतं.

बरंच चालल्या. पूल तर दिसेचना. यमुनाबाई थांबल्या. डबा हाताला अजून कोमट लागत होता. आणि त्या माघारी फिरल्या. तडक कॉलनीच्या फाटकासमोर आल्या, हात वर केला आणि रस्त्यात शिरल्या! ब्रेक करकचले, कोणी शिवी दिली, कोणी काय. त्या थेट डिव्हायडरपर्यंत गेल्या, जाळीला धरून उभ्या राहिल्या, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की तसा आवाज त्यांनी आयुष्यात काढला नसेल.

"शेवंते! ए शेवंते!"

शेवंता ओट्यावरून उठली. सुतकात होती, त्या दिवशी दाराबाहेर पडायचं नसतं. पडली! अनवाणी आली. तिनंही हात वर केला, तिकडच्याही गाड्या थांबल्या. आणि मधल्या जाळीच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या!

"यमे, तू कशाला आलीस गं मरायला?"

"घास आणलाय. आ कर."

शेवंताला हुंदका आला. म्हणाली, "अगं, एक माणूस पिशवी ठेवून गेला मघाशी. मी म्हटलं, कोणी माणुसकीनं पाठवलं असेल. उघडली तर काय, गुलाबजाम! फुकट दिलेत असं वर लिहिलेलं. आज गं! त्यांना नेलं त्या दिवशी, गुलाबजाम! कोणी थट्टा केली असेल गं माझी?"

यमुनाबाई खोटं बोलू शकल्या असत्या. नाही बोलल्या. म्हणाल्या, "थट्टा नाही. माझ्या लेकानं पाठवले. त्याला कळत नाही, आणि त्याला कळलं नाही ते माझं पाप. आ कर."

जाळीच्या वरून हात नेला. टाचा उंच केल्या. पिठलं-भाताचा घास पलीकडे गेला, आणि शेवंतानं तोंड उघडलं. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! दोन्ही बाजूंनी! शहर तुंबलं हो, एका घासानं तुंबलं! पाचवी-सहावी गाडी तर असा हॉर्न दाबून धरून होती की विचारू नका. आतला माणूस शेवटी उतरला, "कोण मधे कडमडलंय रे?" म्हणत पुढे आला. आणि पाहतो तर आई!

हेरंबच तो! पेढे खाऊन परत येत होता.

"आई! अगं, काय चाललंय हे? लोक खोळंबलेत! घरी चल आधी!"

यमुनाबाईंनी वळून बघितलं. आवाज चढवला नाही. "वाजव बाळा, हॉर्न वाजव. फक्त एक सांग. उद्या मी जाईन. त्या दिवशी तुझ्या घरी चूल पेटणार नाही. तू सोफ्यावर बसशील, तोंडात पाणीसुद्धा घेणार नाहीस. तुला भरवायला या गावात एकच बाई उठेल. ही! तिला तू कुठून येऊ देणार आहेस?"

 मागचे आता हेरंबलाच हॉर्न देत होते.

मंडळी, तुम्हाला वाटलं असेल, आता बुवा सांगणार, हेरंब आईच्या पाया पडला, जाळी तोडली, फट उघडली, सगळे सुखी! नाही हो! जाळी आजही तिथेच आहे. हेरंबनं समितीच्या बैठकीत जाळी काढायचं म्हटलं, तेव्हा बाकीचे म्हणाले, एवढ्यासाठी वाहतूक कोण अडवणार? हेरंबचा एकट्याचा हात वर होता. आपणच शिकवलेली माणसं समोर! आता तो रोज संध्याकाळी आईला गाडीत घालून पुलाखालून वळून शेवंताकडे नेतो. माघारी येतो तेव्हा जागा गेलेली असते. जाऊ दे गेली तर!

आणि तुम्ही? मान डोलावताय! डोळे पुसताय! मला नको तुमचे डोळे! या देवळासमोरच्या रस्त्याच्या पलीकडे कोण राहतं, नाव सांगा. आडनाव नको, नाव! कोण आजारी आहे तिकडे? कोणाच्या घरी गेल्या महिन्यात चूल पेटली नाही? गप्प! सगळी सभा गप्प! समोरच्या गाडीचा नंबर तोंडपाठ, समोरच्या माणसाचं नाव माहीत नाही! असल्या कानांना हरिनाम ऐकवून माझा घसा कोरडा कशाला करू?

आरती होईल. पण प्रसाद आज इथे मिळणार नाही. हे ताट मी उचललं, आणि हा निघालो. पलीकडे, रस्ता ओलांडून, चालत. ज्याला प्रसाद पाहिजे त्यानं यावं, आणि पहिला तुकडा तिकडच्या माणसाच्या हातावर ठेवून मग स्वतः खावा. किल्ल्या खिशातच राहू द्या. पांढऱ्या गाडीवाले, तुम्ही पुढे व्हा, गाड्या थांबवायला हात वर करणारं कोणीतरी लागेल. उठा!