पोर्तुगालची सव्वीस जेवणं

नाही, पण मला एक सांगा, दहा दिवसांच्या ट्रिपमध्ये सव्वीस जेवणं बसवली, तर माझं काय चुकलं? आमची मालन म्हणते, "देश बघायला चाललाय की पंगतीला?" अहो, तुम्हाला सांगतो, लोक तिथे जाऊन किल्ले बघतात... किल्ले काय आमच्या रत्नागिरीला कमी आहेत? खायला जायचं तर नीट जायला नको?

इथे कुवेतला अर्दियाच्या गोदामात सतरा वर्षं माल लावतोय, कुठला खोका कुठे बसतो हे मला शिकवू नका. पहिला दिवस लिस्बन, कोळशावर भाजलेले अख्खे पेडवे, तिथले सार्डिन मासे हो. दुसरा दिवस ऑक्टोपस. तिसरा दिवस पोर्तो, नदीकाठी ती गोड लाल वाइन... कुवेतमध्ये दारूबंदी, सतरा वर्षं लबान पितोय हो, म्हणजे ताकच, तेव्हा त्या दिवशी दुपारनंतर मी काहीच ठेवलं नाही. मुलगी स्वरा म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट अ प्लॅन." म्हटलं, बाळा, तोच तर प्लॅन आहे.

शेजारचे यूसुफभाई दापोलीचे, त्यांनी चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाले, "काशिनाथ, डुक्कर जिथे जिथे असेल तिथे लाल शाईने लिही." म्हटलं, तुम्ही कुठे येताय? "येत नाय रे, पण यादी साफ पाहिजे."

आता खरं सांगू? ही सगळी जेवणं एकाच माणसासाठी होती, मालनसाठी. मालनचा धाकटा भाऊ रूपेश दोन वर्षांपूर्वी गेला. हर्णै बंदरावर मासळीचाच धंदा त्याचा. आम्ही इथून पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. तेव्हापासून हिने मासा सोडला. शिजवत नाही, घरात येऊ देत नाही. मी यूसुफभाईंकडे खातो आणि चार वेळा हात धुऊन घरी येतो. आग्रह कधी केला नाही. पण म्हटलं, परक्या मुलुखात, जिथे ओळखीचं काहीच नाही, तिथे एखादा घास... खायला जायचं तर नीट जायला नको?

तर परवा शुक्रवारी तिला व्हिडिओ दाखवला. तिथला मानाचा पदार्थ, खारवून सुकवलेला कॉड मासा. एक बाई तो दोन दिवस पाण्यात भिजवते, चार वेळा पाणी बदलते, मग कुस्करून त्यात बटाटा, अंडं. मालन मेथी निवडता निवडता थांबली.

"ते पाणी फेकलं?"

म्हटलं, हो.

"मग खायचं काय, चिंध्या?"

म्हटलं, अगं, जगात नाव आहे. कोकम नाही, मिरची नाही, कसलं नाव, असं पुटपुटत उठली ती थेट यूसुफभाईंच्या दारात. त्यांच्या हुस्नाभाभी नुकत्याच गावाहून आल्यात, खारे बांगडे घेऊन. चार मागून आणले. मला म्हणे, बसा इथे, खारी मासळी कशी करतात ते बघा.

मी श्वाससुद्धा हळू घेत होतो हो. वाटण झालं, कोकम पडलं, घरभर वास... चव बघायची म्हणून तिने घास घेतला. थांबली. मग स्वतःचं ताट वाढून घेतलं.

"रूपेशला मीठ जरा जास्तच लागायचं," एवढंच म्हणाली. आणि जेवली. पोटभर.

आणि ताटं उचलताना म्हणते कशी, "झालं ना आता? एवढ्यासाठी कशाला जायचं त्या पोर्तुगालला?"

रजा मंजूर झालीय, दहाच्या दहा दिवस. चाललोय हर्णैला, तिथून आणून हुस्नाभाभींचे चार बांगडे परत करायचेत म्हणून. शेवटी व्हिडिओ मीच दाखवला होता.