लॅपटॉपमागची विद्यार्थिनी

...आणि वर ही मुलं मलाच विचारतात, "सर, तुम्ही मधेच का थांबता?" अहो, थांबू नको तर काय करू! अख्खी नोकरी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली माझी, तीही नोट्स बघून नाही, चेहरे बघून! पुढच्या बाकावरच्या भुवया आक्रसल्या की परत सांगायचं, माना डोलल्या की पुढे जायचं, मागून जांभई आली की एखादा विनोद सोडायचा... आणि आता ही महामारी, तास ऑनलाइन, आणि स्क्रीनभर नुसते काळे चौकोन! विनोद केला, शांतता. "समजलं का?" शांतता. माणसाला समोर चेहरा नको का हो?

त्यात विभागप्रमुखांचा फोन. बोलणं कसं, तर अगदी गोड गोड: "हे बघा, रागावू नका हं, पण मुलं कंटाळलीत. महिनाअखेरीस त्यांचे अभिप्राय मागवतोय. नाही सुधारलं, तर तुमचा विषय आपल्या नव्या सरांकडे देऊ. त्यांचे व्हिडिओ तयारच आहेत, संगीतासकट!" संगीतासकट! अहो, उष्णतेच्या नियमांना कसलं आलंय संगीत? आणि विषयच गेला तर माझं उरलं काय, सांगा ना!

मग काय, बायकोच्या हातापाया पडलो. म्हटलं, "तू फक्त लॅपटॉपच्या मागे बस. बोलायचं नाही, नुसता चेहरा दे." म्हणाली, "मटार सोलत बसले तर चालेल?" म्हटलं, सोल बाई, पण माझ्याकडे बघत सोल!

आणि तुम्हाला सांगतो, काय रंगलो मी त्या दिवशी! "बंदिस्त व्यवस्थेत पसारा आपोआप वाढत जातो!" तिच्या भुवया आक्रसल्या. मी खूश! लगेच परत सांगितलं, "आपोआप!" तशी ताट आपटून कडाडली, "आपोआप? खुर्चीवरचा ओला टॉवेल आपोआप आला? पलंगाखालचे मोजे चालत गेले? आणि आवरतं कोण, ते नाही वाटतं तुमच्या पुस्तकात?"

माईक चालू! मी गार!

...आणि एक काळा चौकोन उजळला. एक मुलगी, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. "सर, पण काकूंचं बरोबर आहे ना? आवरायला बाहेरून ऊर्जा लागतेच की!" अहो, हा तर पुढच्या तासाचा धडा! मग दुसरा चौकोन उजळला, तिसरा... कुणाचे केस वाढलेले, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे, कुणाच्या मांडीवर धाकटी बहीण. माझीच मुलं हो ती!

अभिप्राय आले, विषय वाचला. विभागप्रमुख म्हणाले, "अभिनंदन! मुलं म्हणतात, काकू फार छान शिकवतात. सरही बरे आहेत."

काल हिला म्हटलं, "उद्या जरा अवघड भाग आहे, वेळेवर बस." तर मान वर न करता म्हणते, "उद्या मला जमायचं नाही. मुलांना सुट्टी सांगून टाका."

टाकली सांगून. करतो काय? समोर हिचा चेहरा नको का हो?