लुचिया मॅडमचे नखुले

माझं माहेर पाचोडचं, पैठन तालुक्यातलं, बाजाराचं मोठं गाव. नाव माझं सुमन, पन गावात समदे मला शेवयावालीची सुमी म्हनायचे, काहून तर आमची माय शेवया करायची. लग्न कुनाचंबी आसू दे, आठ दिस आधी मायला बोलावनं यायचं. शेवया, गव्हले, नखुले, समदं माय करायची, अन् मी शेजारी बसून नखुले दाबायची. नखुले म्हंजे काय, तर बन्सी गव्हाचा रवा भिजवून मळायचा, त्याची बारीक गोळी घ्यायची अन् नखानं दाबून पाटावर सरकवायची, तिची शिंपल्यावानी वाटी व्हती. वाळवून ठुवायचे, रुखवतात मांडायचे, खीर करायची. मला तर लई कटाळा यायचा त्याचा, नख दुखायचं.

लग्न होऊन चितेगावला आले. आमचे हे तिथं कंपनीत लोडिंगला. अन् काय सांगू तुम्हाला, लगोलग दुष्काळाची वर्सं लागली. बोअर आटले, हिरी आटल्या, गावात टँकर यायचा, अन् टँकर आला की बाया पळत सुटायच्या, त्यात मीबी, पाचवा महिना लागलेला. सासू म्हनायची तू नको जाऊ, मी जाते, पन सासूचे गुडघे गेलेले, म्या कसं बसून ऱ्हायचं. एक दिस पायपापाशी रेटारेटी झाली, भरलेला हंडा डोक्यावर, चिखलात पाय सरकला, पडले. पानीबी गेलं अन् पोटातलंबी गेलं. पोरगा व्हता म्हनली नर्स. मी इचारलं नव्हतं, तीच म्हनली. त्यावर मी जास्ती बोलत नाय. पुढं पोरगी झाली, मनीषा, ती हाये माझी.

मंग शहरात आलो. तवा औरंगाबादच म्हनायचो, आता बोर्डं बदलली, तोंडाला अजून जुनंच येतं. मुकुंदवाडीला खोली केली, ह्यांना शेंद्र्याला काम लागलं. शहर आसं वाढत व्हतं बगा, बायपासकडं जिथं ज्वारीची रानं व्हती तिथं सात सात मजली बिल्डिंगी उठल्या, लिफ्ट हाये, गेट हाये, वॉचमन हाये, अन् पानी टँकरचं. अशाच एका बिल्डिंगीत मी पोळ्यांची कामं धरली. तिसऱ्या मजल्यावर कुलकर्नी काकू ऱ्हायच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, कडक पन मनानं चांगल्या. एक दिस काकू मला म्हनल्या, सुमन, पाचव्या मजल्यावर इटालीचं जोडपं आलंय, साहेब शेंद्र्याच्या कंपनीत मशिनी बसवायला आलेत, बाईला दिवस गेलेत अन् तिच्या पोटात काहीच ठरत नाही, त्यांना स्वयंपाकाला बाई पाहिजे, पास्ता वगैरे येतो का गं तुला?

मी म्हनलं, येतो.

काहून म्हनलं ते आजबी सांगता यायचं नाय. मनीषासाठी एकदा मसाल्याचं पुडकं आनून करून दिलता, तेवढाच माझा पास्ता. पन काकू इचारत व्हत्या अन् माझ्या तोंडून नाय निघंना. निस्तं येतो नाय, चांगला येतो म्हनलं. काकूंनी माझ्या भरवशावर वर जाऊन शब्द टाकला.

पहिल्या दिवशी गेले तर ती बाई, लुचिया मॅडम, हॉलमधी पलंगावर, गोरी म्हनावी तर तसं नाय, पिवळी पडलेली, डोळे आत गेलेले. वट्ट्यावर टमाटे अन् पास्त्याचं पाकीट. म्या काय केलं, कांदा, लसून, आलं, जिरं, लाल तिखट, वरून गरम मसाला, झ्याक फोडनी दिली. वास सुटला अन् मॅडम तोंडाला फडकं लावून मोरीकडं पळाली. मी तशीच वट्ट्यापाशी उभी. आतून उलट्यांचा आवाज, थांबंचना, थांबंचना. साहेब कामावर. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, ते समदं डब्यात भरून पिशवीत लपवलं, अन् जिना उतरून घरी पळाले. लिफ्टनंबी नाय गेले, कुनी भेटंल म्हनून.

सांजच्याला काकूंचा फोन. खाली ये. गेले तर काकू म्हनल्या, डॉक्टर येऊन गेले. शनिवारी पुन्हा वजन बघणार, आणखी उतरलं तर दवाखान्यात भरती, अन् मूल राहील की नाही त्याची हमी नाही म्हणाले. अन् तू सांगितलंस मला येतं म्हणून! मी खाली मान घातली. त्या म्हनल्या, सोमवारी दुसरी बाई बघते, तू पोळ्याच कर.

मी घरी आले, जेवले नाय. ह्यांनी इचारलं काय झालं, सांगितलं. हे म्हनले, मंग सुटलीस की, कशाला परक्याच्या बाळंतपनात पडती. मी म्हनलं, ती मोरीकडं पळाली तवा तिनं एक हात पोटाखाली धरलता. मला तेच दिसतंय सारखं. त्यांनाबी ठावं व्हतं मी कशाबद्दल बोलते.

दुसऱ्या दिवशी गुरवार. मी काकूंना घेऊन वर गेले. काकू नको म्हनत व्हत्या, मी म्हनलं चलाच, मला इंग्रजी येत नाय. मॅडमच्या हातात फोन, फोनमधी तिची आई, पांढऱ्या केसाची, काळ्या झग्यातली, मागं तिचं सैपाकघर दिसतंय. मी काकूंना म्हनलं, सांगा त्यांना, मला येत नाय म्हनावं, मी खोटं बोलले, पन मला शिकवा. काकूंनी इंग्रजीत सांगितलं, मॅडमनं आईला त्यांच्या भाषेत. मॅडम माझ्याकडं बघंना. ती फोनमधली आई चष्मा लावून माझ्याकडं बघाया लागली. मंग काय तरी बोलली. काकू म्हनल्या, तुझे हात दाखव म्हणतात.

मी हात फोनपुढं धरले. काय सांगू तुम्हाला, न्यायाधीशापुढं उभं केल्यावानी वाटलं. म्हातारीनं हात बघितले, अन् पलीकडं पाटावर पिठाची गोळी घेतली, आंगठ्यानं दाबली, सरकवली, उलटी केली. तिची झाली वाटी. बारक्या कानावानी.

मी वरडलेच, अवो काकू, हे तर नखुले! आमची माय करती ते! काकूबी वाकून बघाया लागल्या. म्हातारीनं इचारलं, काय म्हनती? काकूंनी सांगितलं. म्हातारी म्हनली, मंग करून दाखव. डब्यात रवा व्हता, कोमट पान्यात भिजवला, मळला, अन् मी दाबायला लागले. येवढ्या वर्सांत हात इसरला नव्हता. ती म्हनली जाड झाले. म्हनलं आमचे आसेच ऱ्हात्यात. म्हनली तुमचे आसतील, माझी पोरगी पातळ खाती. पुन्हा केले. मॅडमनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

मंग टमाट्याची गोष्ट. म्हातारी म्हनली मंडईतले हे मोठे पानचट नको, बारके, गावातले, कमी पान्यावर वाढलेले आन. आमच्याकडं त्या साली समदंच कमी पान्यावर वाढलेलं! मी पाचोडला भावाला फोन केला, त्यानं शुक्रवारी सकाळच्या यष्टीत कंडक्टरजवळ पिशवी दिली, गावरान टमाटे, लिंबायेवढे, सुरकुतलेले, पन चाखले तर गोड. दुसरं, म्हातारीला एक पाला पाहिजे व्हता, त्यांच्याकडची तुळस. मी काकूंच्या वृंदावनाकडं बघितलं, तर काकू म्हनल्या, हात लावशील तर बघ. आमच्या चाळीत शमीम आपा व्हत्या, त्यांच्या दाराशी कुंडीत सब्जा. त्याचा वास मला ठावं व्हता. मी फोनमधी दाखवलेला पाला आठवला, तसाच वाटला. आपाला म्हनलं दोन डहाळ्या द्या. आपा म्हनल्या, ले जा बाई, पेटवाली के वास्ते क्या पूछना.

अन् शुक्रवारी टँकर आला नाय. बिल्डिंगीच्या टाकीचा तळ दिसला. पाचव्या मजल्यावर पिन्याचं येक जार, तेवढंच. म्हातारीनं सांगितलेलं, नखुले शिजवायला मोठं पातेलं भरून पानी, मीठ घालून, खळखळ उकळलेलं. मी म्हनलं येवढं पानी उकळून सांडायचं? माझ्या जिवाला ते पटंना. पन शनिवार उद्याचा. मी घरी गेले, आमच्या नळाचं पानी आठ दिसांतून येकदा, पिंपात निम्मं उरलेलं. कळशी बुडवली तर हे दारात. म्हनले, मनीषा काय पिनार? मी म्हनलं शेजारून मागून आना. म्हनले मी नाय मागत. मी म्हनलं नका मागू, पन मला आडवू नका. रिक्षात कळशी मांडीवर धरून गेले, खड्ड्यात हिसका बसला की पदरानं तोंड दाबायची कळशीचं.

आधी टमाट्याची सालं काढली, चाळनीतून गाळले. जैतुनाचं, म्हंजे ऑलिव्हचं, तेल त्यांच्या घरात व्हतं, मंद गॅसवर त्यात लसनाची येकच पाकळी टाकली, रंग धरायच्या आत काढून फेकली. कांदा नाय, जिरं नाय, तिखट नाय. हात सारखा मसाल्याच्या डब्याकडं जायचा, मी दुसऱ्या हातानं धरायची. रस घातला, मीठ घातलं, बारीक गॅसवर सोडला. म्हातारी फोनमधी बसून, हलव, नको हलवू, हलव. काकू उभ्याच. दाटला तवा सब्जाची पानं चुरगाळून टाकली. तिकडं नखुले पान्यावर तरंगले, झाऱ्यानं उपसून रसात घातले. ते पानी मी फेकलं नाय, झाकून ठुवलं, त्याच पान्यात पुढं दोन दिस कनिक मळली, मीठ घालायची गरज पडली नाय.

ताटली दिली. मॅडमनं वास घेतला. येक खाल्ला. काकू अन् मी सैपाकघरातून बघतोय. दुसरा खाल्ला. निम्मी ताटली झाली. मंग ती डोळे मिटून पडली. मी वट्टा धरून उभी, कान मोरीकडं. आता उठंल, आता उठंल. घड्याळाचा काटा सरकंना. म्हातारीनं फोन बंद केला नव्हता, तिकडून तिचा श्वास ऐकू यायचा. लई येळानं हॉलमधून आवाज आला, सुमन. मी पळाले, बादली घेऊनच. तर तिनं ताटली पुढं केली. आजून हाये का, आसं हातानं इचारलं.

काकूंनी डोळ्याला पदर लावला, अन् मला म्हनल्या, बादली ठेव आधी खाली.

शनिवारी वजन उतरलं नव्हतं. वाढलंबी नव्हतं, पन डॉक्टर म्हनले आठवडाभर थांबू. तो आठवडा अन् पुढचे दोन, रोज नखुले, रोज टमाट्याचा रस, कवा वांगी तळून त्यात, कवा बटाटे. मधी दोनदा पुन्हा उलट्या झाल्या, मी घाबरून रात काढली, पन गाडी रुळावर आली. येक दिस तिनं हातानं खुना करून इचारलं, तुला किती मुलं? काकू नव्हत्या तवा. मी बोटानं येक दाखवलं, मंग दुसरं बोट वर केलं अन् मिटवलं. तिला समजलं. तिनं माझा हात धरून ठुवला, रसाचा हात, लाल.

मॅडमला पोरगी झाली, याच शहरात, सुखरूप. म्हातारी आली इटालीवरून, माझ्या हातचं खाल्लं अन् म्हनली मीठ कमी हाये. मी म्हनलं आसंल. चार दिस दोघी पाटावर बसून नखुले दाबले, ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. तिच्या गावालाबी ल्हानपनी पानी नव्हतं, घराखाली टाकं बांधून पावसाचं साठवायचे, आसं तिनं हातवारे करून सांगितलं.

मशिनी बसल्या, ते गेले. दोन वर्सं फोटो यायचे मोबाइलवर, मंग थांबले. मानूस आपल्या संसारात गुंततं, त्यात वाईट वाटून काय घ्यायचं. काकू पुण्याला लेकाकडं गेल्या. आता मी मुलींच्या होस्टेलात सैपाक करते, सत्तर पोरींचा. रईवारी पास्ता मागत्यात, पुडक्यातल्या मसाल्याचाच पाहिजे त्यांना, तसाच करते. काही पोरी जेवत नाहीत, परीक्षेचं टेन्शन म्हनत्यात, त्यांच्या ताटाकडं माझं ध्यान ऱ्हातं. दाराशी उभी ऱ्हाते, अर्धी पोळी तरी खा गं म्हनते. खाल्ली तर बरं वाटतं, नाय खाल्ली तर उद्या पुन्हा म्हनायचं. ज्याच्या त्याच्या पोरीबाळींचं खाल्लेलं अंगी लागू दे, दुसरं काय मागायचं मानसानं.