चुली एक होतात, चुली मोडतात

(लखनऊ, १९९८. गोमती नगरमधल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, दुपार. यमुनाबाई आणि त्यांच्या मुलीची मुलगी रुचा.)

आजी : म्हणून म्हणते, रविवारी सकाळीच निरंजनला छावणीत त्या हेमचंद्रकडे पोचवायचं. तुझ्या बापाचा दोस्त आहे, एक दिवस सांभाळेल. पाहुणे तुला बघून, चहा पिऊन गेले की आणायचा परत.

रुचा : आणि मुलाच्या आईने विचारलं, भाऊ कुठाय?

आजी : पुण्याला शिकतो. सांगून झालंय माझं.

रुचा : आजी, त्याला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, आणि तू त्याला पुण्याला शिकायला पाठवलंस?

आजी : मोठ्याने बोल, आणि कमी बोल. आम्ही सगळे कानाने असेच. माझा भाऊ रमाकांत तर तिशीतच बहिरा झाला. बरं असतं, जगाचं फालतू ऐकावं लागत नाही.

रुचा : मी रविवारी त्यांच्यासमोर येणार नाहीये.

आजी : का? मुलगा समीर बँकेत आहे, अलीगंजला स्वतःचं घर. आणि बघ, कूळ पाहिलं, देवक पाहिलं. त्यांचं कळंब, आपलं पंचपल्लव, कुठे अडत नाही. तुझ्या आईच्या वेळी मी एवढं खोल गेले नाही. काय आलं पदरात? तुझ्या बापाच्या घराण्याचं किडकं रक्त. पोरगं अंथरुणाला खिळलंय.

रुचा : हे तू बाबांसमोर किती वर्षं बोलतेयस?

आजी : खरं ते बोलते. हणमंतराव ऐकून घेतात, कारण त्यांनाही ठाऊक आहे.

रुचा : गुरुवारी डॉक्टरांनी मला आणि बाबांना बोलावलं होतं. निरंजनच्या मांडीचा तुकडा तपासायला दिल्लीला पाठवला होता ना, त्याचं कळलं. परत आल्यावर बाबांनी घराच्या खाली स्कूटर लावली आणि म्हणाले, तुझ्या आजीला यातलं काही सांगू नकोस, म्हातारीला या वयात कशाला.

आजी : मला कशाला? आजार त्यांचा आणि लपवायचा माझ्यापासून?

रुचा : त्यांचा नाहीये.

आजी : मग कुणाचा? कुणी करणी केली का आपल्यावर?

रुचा : बस जरा. मी लॅबमध्ये काय बघते ते तुला कधी सांगितलंय?

आजी : पावाचं खमीर बघतेस. एवढं शिकून खमीर. मी कुणाला सांगत नाही.

रुचा : खमिरात बघते, पण असतं सगळ्यांच्यात. तुझ्या-माझ्या शरीराचा प्रत्येक कण म्हणजे एक घर धर. त्या घरात चुली असतात. अन्न जाळून ताकद देतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना.

आजी : नाव सोड. चूल कळली.

रुचा : या चुली एका जागी बसत नाहीत. दोन जवळ येतात, भिंत भिंतीला लागते, आणि मिसळून एक होतात. लांब दोरा होतो त्यांचा. मग तोच दोरा मध्ये आवळला जातो आणि तुटतो. मी रंग घालून काचेखाली बघते. दिवसभर हेच चाललेलं असतं, जुळतात, तुटतात.

आजी : भाऊबंदकीच की. चुली मोडतात आणि परत एक होतात.

रुचा : फरक एवढाच, की एक होतात तेव्हा चांगली चूल वाईट चुलीचं झाकून घेते. जे हिच्यात नाही ते तिच्यातून येतं. म्हणून थोड्या बिघडलेल्या असल्या तरी माणूस धडधाकट दिसतो. वर्षानुवर्षं. फक्त थोडी शुगर होते. कान जातात.

आजी : माझ्या कानाकडे काय बघतेस? निरंजनचं बोल.

रुचा : त्याच्यात बिघडलेल्याच जास्त आहेत. कितीही मिसळल्या तरी झाकून घ्यायला चांगल्या उरल्याच नाहीत. मेंदू आणि स्नायूंना ताकद सगळ्यात जास्त लागते. म्हणून ती फिट, ती उलटी, पापण्या अशा पडलेल्या.

आजी : पापण्या.

रुचा : हो.

आजी : शरदच्या पडायच्या. तुझा मामा. वर बघायचं तर मान मागे टाकायचा. लोक म्हणायचे, पोरगा गर्विष्ठ आहे. मग झटके यायला लागले. साताऱ्याचे डॉक्टर झाले, देवरुषी झाला. बाहेरचं लागलं म्हणाले सगळे. मिसरूड फुटलं तेवढ्यात गेला.

रुचा : आजी, शरदमामा बाबांच्या घराण्यातला नव्हता.

आजी : मग त्याला कसं झालं?

रुचा : या चुली बापाकडून येत नाहीत. बापाच्या मुलात उतरतच नाहीत. फक्त आईकडून येतात. आईच्या आईकडून. देवकात ते दिसत नाही, देवक बापाचं असतं.

आजी : तुझ्या आईकडून, नंदाकडून आलं म्हणतेस.

रुचा : हो.

आजी : आणि नंदाला कुठून?

रुचा : तू विचारू नकोस.

आजी : मी चौथी शिकले, पण एवढा हिशेब मला येतो. शरद माझा. नंदा माझी. रमाकांत माझ्या आईचा.

रुचा : यात कुणाचा काही गुन्हा नाही, आजी. कुणाच्या वाट्याला किती येतील ते नशिबावर. आईच्या वाट्याला कमी आल्या, निरंजनच्या जास्त. बस.

आजी : माझ्यातल्या काढा. माझ्या मांडीचा तुकडा घ्या, अख्खी मांडी घ्या. तूच म्हणालीस ना मिसळतात? त्याच्यात सोडा म्हणजे मिसळतील.

रुचा : तुझ्या त्याच आहेत गं.

आजी : मग हणमंतरावांच्या घ्या. त्यांच्या चांगल्या असतील.

रुचा : चांगल्याच असणार. पण घालता येत नाहीत. जगात कुणालाच येत नाही अजून. मी फक्त बघते. लॅबमधले भैया लोक विचारतात, मॅडम, इससे होगा क्या? मी त्यांना काहीतरी सांगते. तुला काय सांगू?

आजी : मग त्याला देते ती चौकातल्या हकीमाची पुडी बंद करू म्हणतेस.

रुचा : त्याला गोड लागते ती. असू दे.

आजी : आणि तुझ्यात?

रुचा : असणारच. किती, ते कुणी सांगू शकत नाही. माझ्या मुलात किती जातील तेही नाही. म्हणून मला लग्नच नकोय, आजी. समीर नको आणि दुसराही नको. मी निरंजनची पाठ पुसते रोज. मला आणखी एक नाही पुसायची.

आजी : फोन दे इकडे.

रुचा : मी करते. तू राहू दे.

आजी : स्थळ मी आणलं. दे म्हणते ना.

रुचा : खरं कारण सांगायची गरज नाही.

आजी : हॅलो. कोण, समीरची आई का? मी यमुनाबाई, रुचाची आजी. मोठ्याने बोला. हो. रविवारी येऊ नका. नाही, तुमच्या मुलात काही नाही, मुलगा हिऱ्यासारखा आहे. देवकही जुळतं. आमच्याकडे आजार आहे. भाऊ पुण्याला नाही, इथेच आहे, अंथरुणावर. नाही, बापाकडून नाही. जावयाचं घराणं स्वच्छ आहे, तसं कुणी बोललं तर माझं नाव सांगा. आईकडून येतो. आई म्हणजे मी. ठेवते.

रुचा : आजी. आता हे सगळ्या लखनऊला कळेल.

आजी : कळू दे. नंदाला ठाऊक आहे?

रुचा : नाही. बाबा म्हणाले, तिला मीच सांगेन, पण त्यांना जमत नाहीये. ती आली वाटतं, जिन्यात पाऊल वाजतंय. आजी, आत्ता नको.

नंदा : केवढा उकाडा आहे. सब्जीवाल्याने आज लुटलं. कुणाचा फोन होता? रविवारी त्यांच्याकडून किती माणसं येतायत, विचारलंत का? आणि काय झालं दोघींना, अशा का बसलात?

आजी : पिशवी ठेव खाली.

नंदा : निरंजनचं काही?

आजी : झोपलाय तो. हणमंतरावांना सांग, आज ऑफिसातून लवकर या म्हणावं. मी बोलावलंय म्हणून सांग.

नंदा : तू? त्यांना? आई, झालंय काय?

आजी : ये, अशी माझ्याजवळ बस.