तीन घास

नाय नाय, भरवला ना! भरवलाच त्यानं घास, मी कुठं नाय म्हणतेय? बसा तुमी, विलासभाऊ, असं उंबऱ्यात नका उभं राहू. नवऱ्यामुलाचे सख्खे मामा तुमी, खालापुरातनं एवढ्या उन्हाचं आलात — पाणी घ्या आधी. कुणी घातलं कानावर? आनंदीबाईनं ना? तीच! तिच्या खिडकीतनं माझी पडवी दिसते नि माझ्या पडवीतनं तिचं तोंड. काय म्हणाली — द्वारकेच्या घरात परदेशी पोरगा तिच्या लेकीला, हर्षलाला घास भरवतो, आणि तिचा साखरपुडा तोंडावर आलाय — असंच ना?

मग ऐका. मालक गेल्यापासनं खानावळ चालवते मी, कालेजातली पोरं जेवतात. त्यातला हा दावित, इथिओपियाचा. ते कुठं आलं? मला तरी कुठं ठावं होतं, त्यानं मोबाइलवर दाखवलं — लांब हाय हो, पण बुधवारी-शुक्रवारी उपास करतो, मटण नाय, दूध पण नाय! आनंदीबाई संकष्टीला सुकट खाते, तिला सांगा हे. आणि ती रेहेमा, टांझानियाची, त्यांच्यात चपातीला चपातीच म्हणतात — माझी बघून म्हणते कशी, मावशी, जाड! तोंडावर! माझं इंग्रजी म्हणजे यस नि नो, त्यांचं मराठी म्हणजे बास नि अजून — पण गप्पा बघाव्या आमच्या, ताटावर हात वाळतात.

तर त्या दिवशी वालाचं बिरडं केलेलं. म्हणाले, एकाच ताटात जेवू — त्यांच्यात तशीच रीत, एक ताट नि सगळ्यांचे हात. मी आपली परात काढली. दावितनं भात कालवला, घास केला — घास कसला, पेरू होता पेरू! — आणि भरवला. हर्षलाला? छ्या! मला. मी वाढायला वाकले होते, म्हणाला, मावशी, आ! मान देतात तसा. आणि एकावर भागत नाय, एकच घेतला तर भांडण होतं म्हणे, तीन घ्यायचे. घेतले बाई तीन. मग रेहेमाला तीन, मग हर्षलाला —

गेलं तोंडातनं. बरं, हो, तिला पण. आणि तिनं त्याला, आत मिरची लपवून! असा ठसका लागला पोराला, हसून हसून पुरेवाट झाली आमची. आपल्यात लग्नातच भरवतात, म्हणून आनंदीबाईला वाटलं, लग्नच लागलं इथं. हसा की, विलासभाऊ. नाय हसणार?

खरं सांगू? मी रडले हो. तिखटानं नाय. माझ्या लग्नात मालकांनी जिलबी भरवली, बायका नाव घे, नाव घे करत होत्या — त्यानंतर कुणी नाय. वाईट नव्हते ते. पण एवढ्या वर्षांत, द्वारके, तू जेवलीस का, हे नाय विचारलं कधी. मी वाढायची, ते जेवायचे, उरेल ते माझं. आणि हे परमुलखातलं पोर पयला घास मला देतं! आता दुपार झाली की वाट बघते मी त्यांची. हर्षला सासरी गेली की या घरात कोण बोलणार माझ्याशी — तुमाला कशाला सांगतेय मी हे सगळं!

काय म्हणालात? लग्न होईस्तवर पोरांना बंद करा? तुमच्या ताईंचा, मुलाच्या आईचा निरोप हाय?

हे बघा, स्थळ पायजे मला. साईराज गुणाचा हाय, हर्षलाला आवडलाय, मी देवापुढं तेच मागते. पण दारात आलेल्या पोरांना जेवायला येऊ नका, हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि आज ताई म्हणतात, पोरांना बंद कर — उद्या हर्षलाला म्हणतील, आईकडं जेवू नको. नाय जमायचं मला. मोडलं तर मोडलं. हर्षले! ऐकतेस ना गं आतनं? मी चुकत असले तर बाहेर येऊन मामांच्या देखत सांग.

नाय आली. ऐकू येतंय? तांदूळ धुतेय. पोरांचा भात टाकतेय ती.

तुमी जेवणार? मूठभर जास्त टाकायला सांगते. नाय? बरं. येस्टी नाक्यावरनं मिळेल. आणि चपला उन्हात राहिल्यात तुमच्या, पाय जपून घाला.